कोरसातला सहावा आवाज

अण्णा, गेल्या महिन्यात मी रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की वयानं मी तुमच्यापेक्षा मोठी झाले आहे, तरी ही गोष्ट सांगावी असं दुसरं माणूस मला सुचेना. आई आहे, पण आईचं यात वेगळंच निघालं, ते पुढं सांगते.

हा प्लेअर तुमचा नव्हे. तुमचा तो झाकणाचा, पेटीसारखा, गेवराईचं घर सोडताना आम्ही बीडला आणला होता, पण त्याची मोटर कायमची बसली. हा नवा तुमच्या नातीनं, माझ्या लेकीनं दिला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती पुण्याला नोकरी करते, आणि मी कॉलेजातून रिटायर झाले तेव्हा हे खोकं घेऊन आली. म्हणाली, आता वेळ आहे तुला, आजोबांची रेकॉर्ड ऐक. आपल्या घरात जपून ठेवलेली रेकॉर्ड एकच, छोटी, खाकी पाकिटातली. ती लावली तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पलीकडच्या खोलीत कुणी भजी तळत असल्यासारखा आवाज. त्या चरचरीतून मुख्य गायकाचा गळा तेवढा वर यायचा. कोरस म्हणजे एक गोळा होता, किती माणसं गातायत तेही कळायचं नाही. लहानपणीही ती तशीच वाजायची, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नात फोनवर म्हणाली, आई, दोष रेकॉर्डचा नसेल, सुई चांगली घेऊ. मी कशाला म्हणून टाळलं. त्या रेकॉर्डमध्ये ऐकण्यासारखं आपलं काही नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तुम्ही तेव्हा जिनिंगमध्ये कामाला होतात. सीझनमध्ये तुमच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं. मी डबा घेऊन यायची आणि दारातच थांबायची, कारण आत मशीनचा असा गदारोळ की समोरचा माणूस बोलताना दिसे, ऐकू काहीच येत नसे. तुम्ही त्या गदारोळात गात असायचात. मान किंचित वाकडी, डोळे अर्धे मिटलेले. मी एकदा विचारलं, इथं कोण ऐकतंय तुमचं? तुम्ही म्हणालात, इथं कितीबी जोरात गावं, कुनाला तरास न्हाई. संध्याकाळी हातपाय धुऊन तुम्ही समाजमंदिरात गायन पार्टीच्या तालमीला जायचात. मुख्य गायक, पेटीवाला, ढोलकीवाला, आणि मागं कोरसला सहा जण, त्यातले एक तुम्ही. जयंतीच्या दिवसांत चकलांब्यापासून चौसाळ्यापर्यंत तुमची पार्टी फिरायची. पहाटे घरी यायचात तेव्हा गळा बसलेला असायचा आणि चेहरा उजळलेला.

मी आईच्या पोटात होते तेव्हा पार्टीला मुंबईला रेकॉर्डिंगला बोलावलं. तिथं काय झालं ते मला कळलं चौथीत असताना, जयंतीच्या दिवशी, बौद्धवाड्यातल्या लिंबाखाली. झाडाला कर्णा बांधला होता आणि त्यावर तुमचीच रेकॉर्ड चालू होती. मी मैत्रिणींना सांगत होते, यात माझे अण्णा आहेत. ढोलकीवाले काका शेजारीच होते. ते हसले आणि म्हणाले, "तुजा बाप यात हाय पोरी, पर आवाज न्हाई त्याचा." मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. धृपदात तीनदा 'आम्ही' येतं. स्टुडिओत काचेपलीकडच्या साहेबानं गाणं मध्येच थांबवलं, कोरसात कुणीतरी 'आमी' म्हणतंय म्हणाला. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबवलं. शेवटी तो बाहेर आला, एकेकाकडून शब्द म्हणवून घेतला आणि तुमच्यापाशी थांबला. तुम्हाला 'आम्ही' काढता येईना. तो म्हणाला, तुम्ही नुसते ओठ हलवा. काकांनी ओठ हलवून दाखवले, तशी सगळी हसली. तुम्ही झेंड्याची दोरी नीट करत होतात. तुम्ही ऐकलं होतं, पण मागं वळून पाहिलं नाहीत.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी विचारलं. आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर जेवायला बसला होतात. तुम्ही घास गिळला आणि म्हणालात, "खरं हाय. ओठ हलविले." आईचा हात परातीत क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मला तेव्हा वाटलं, तिला तुमच्यासाठी वाईट वाटलं असेल. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला शिकवायला लागलात. तोंडापुढं तळहात धर, तुम्ही सांगायचात, आणि म्हण: आम्ही, तुम्ही, म्हणून. हाताला वारा लागला पायजे. वारा लागला की शब्द बरोबर. शाळेच्या भाषणात मी घाबरून एकदा 'आमी' बोलून गेले. माझ्यावर तुम्ही चिडलात ते तेवढं एकदाच. "कावून आमी म्हनतीस?" तुम्ही म्हणालात, आणि तो 'म्हनतीस' ऐकून आई पदराआड हसली. मग तुम्हीही हसलात. त्या वाऱ्यावर मी वक्तृत्वाच्या ढाली आणल्या, मराठीत एम.ए. केलं, जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं.

एम.ए. आणि नोकरी तुम्ही गेल्यानंतरची. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना तुमची छाती भरत गेली. जिनिंगच्या धुळीनं फुप्फुसं धरलीत असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवसांत तुम्हाला बोलायलाही दम पुरत नव्हता. आपल्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. तुमचा एक फोटो आहे, जिनिंगच्या गेटवरचा, आवाज मात्र कशावरही नाही. आधी काही वर्षं तो माझ्या कानात होता. मग तुमचे शब्द आठवायचे, पण त्यांचा आवाज माझाच असायचा. तो नक्की कधी गेला ते मला सांगता येणार नाही.

नातीनं माझं न ऐकता सुई पाठवून दिली. काडेपेटीएवढ्या डबीत, कापसासारख्या पांढऱ्या फोममध्ये खोचलेली. तिनं व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं. रेकॉर्डवरची रेघ म्हणजे अरुंद चर असतो, त्याच्या दोन्ही भिंतींवर आवाज कोरलेला असतो. साध्या सुईचं टोक गोल, बॉलपेनाच्या टोकासारखं. ते चराच्या वरच्या भागातच टेकतं आणि तेवढाच पट्टा घासत राहतं. नवीन सुईचं टोक हिऱ्याचं, दोन्ही अंगांनी पातळ केलेलं. ते खाली, भिंतींच्या त्या भागात उतरतं जिथं गोल सुई कधी टेकलीच नाही. म्हणजे, मी विचारलं, जुनी सुई जिथं पोचली नाही तिथं अजून सगळं जसंच्या तसं असेल? "असायला पाहिजे," ती म्हणाली. सकाळच्या उजेडात, खिडकीशी बसून, चष्मा पुसून मी जुनी सुई पुढं ओढून काढली आणि नवी बसवली. खट् असा बारीक आवाज झाला. सुई जिच्या टोकाला असते त्या दांडीच्या शेपटीकडचं वजन ती सांगेल तसं फिरवलं. रेकॉर्ड आधीच धुऊन वाळवली होती. मग मी फोन बंद केला.

आधी ऐकू आली ती शांतता. भजी तळणारं माणूस घरातून निघून गेलं होतं. मग पेटीचा भाता उघडला, सूर यायच्या आधीची ती हवा ऐकू आली. ढोलकीच्या काठावर काकांचं बोट वाजलं, नुसतं बोट. मुख्य गायकानं ओळ उचलण्याआधी श्वास घेतला. इतकी वर्षं हे गाणं मला पाठ आहे, पण त्यात कुणी श्वास घेतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि मग कोरस आला आणि तो गोळा उकलला. माणसं एकामागून एक वेगळी झाली, खांद्याला खांदा लावून उभी राहिली, कोण माइकजवळ आणि कोण लांब तेही कळायला लागलं. पाच जणांनी 'आम्ही' म्हटलं. त्यांच्याखालून, पार टोकाकडून, जाड आणि किंचित नाकातला एक आवाज 'आमी' म्हणाला. त्याचा शब्द आखूड, म्हणून तो बाकीच्यांच्या आधी पोचायचा आणि त्यांची वाट बघत थांबायचा. तिन्ही वेळा तसंच. कामावरून आल्यावर उंबऱ्यात चप्पल काढता काढता तुम्ही म्हणायचात ना, "आमी आलो बरं का", तोच आवाज. मी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. रेकॉर्ड संपून सुई मधल्या रिकाम्या रेघेत फिरत राहिली आणि मला उठून ती उचलता येईना. एका माणसाचा श्वास प्लास्टिकच्या भिंतीवर नखाएवढ्या जागेत कोरला जातो आणि तो माणूस गेल्यावरही तिथं थांबून राहतो, हे मी त्या सकाळपर्यंत कुणी सांगितलं असतं तरी मानलं नसतं.

मग शंका आली. दुसऱ्या कुणाची तर जीभ अडखळली नसेल? आपल्याला हवं ते आपण ऐकतो. आई गॅलरीत उन्हाला बसून मेथी निवडत होती. तिला हाताला धरून आत आणलं, काही न सांगता रेकॉर्ड लावली. पहिलं धृपद झालं तेव्हा ती टेबलावर हात टेकून उभी होती. दुसऱ्याला ती हळूच म्हणाली, "ह्येंचाच हाय."

मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, मला ठावंच होतं. मुंबईहून आल्या आल्या तुम्ही तिला सांगितलं होतं म्हणे. साहेबानं सांगितल्यावर एकदा तुम्ही खरंच नुसते ओठ हलवले. पण ते गाणं दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीनं पुन्हा घ्यावं लागलं, आणि त्या शेवटच्या वेळी ढोलकी चढली, शेजारच्यांचे गळे उघडले, आणि तुमचा आवाज तुम्हाला आत ठेवता आला नाही. काचेपलीकडून साहेबानं हात वर केला, झालं म्हणाला. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कळलं तर आपल्यापायी पार्टीची रेकॉर्ड बाद करतील, ही तुम्हाला भीती होती.

"मग नंतर तरी सांगायचंस," मी म्हटलं. "मला तरी सांगायचंस."

"त्यांनी सांगू नको म्हनलं होतं," आई म्हणाली, आणि मेथी निवडायला बाहेर गेली.

त्या दिवसापासून मी एकच चित्र बघते आहे. लिंबाखाली माणसं हसतायत, तुम्ही पाठमोरे उभे राहून दोरी नीट करताय, आणि वर झाडावरच्या कर्ण्यातून सगळ्या बौद्धवाड्यावर तुमचाच आवाज पडतो आहे. तो कुणाला वेगळा ऐकू येत नाही, फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि भाकरी थापणाऱ्या तिला. दर जयंतीला तुम्ही ते गाणं असं ऐकत उभे राहिलात. आणि मुलीनं विचारलं तेव्हाही शांतपणे सांगितलंत, ओठ हलविले. एवढी मोठी गोष्ट इतक्या लहान घरात तुम्ही दोघांनी कुठं ठेवली होती?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, लिहून झालं की पूर्वी माणसं चुलीत टाकायची तसं मी ते जाळणारही नाही, ते इथंच टेबलावर राहील. आणखी एक सांगते, ते नातीलाही सांगितलेलं नाही. काल दुपारी आई झोपली होती. मी दार लावून घेतलं, रेकॉर्ड लावली, आणि तुमच्या बाजूला उभं राहून गायला लागले. शब्द बरोबर आले, पण दुसऱ्याच ओळीला सूर सुटला. मला गाता येत नाही, अण्णा.