कुमारचा चिनी काढा

३ मार्च

कुमारचं प्रेशर १६८ वर ९६! तिसऱ्यांदा घेतलं. पट्टा सैल होता म्हणाला. आवळून घेतलं, तर १७०. आता म्हणे मशीनच बिघडलंय! चाळीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासले या माणसानं, आणि स्वतःचा आकडा दिसला की मशीन खोटं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी शुक्रवारी फोटो दाखवला होता. डोळ्यामागच्या बारीक रक्तवाहिन्या प्रेशरनं खराब झाल्यात. 'इथे जे दिसतं तेच किडनीत, मेंदूत चाललेलं असतं,' असं अगदी सहज म्हणाले. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

५ मार्च

कुमारचं नवीन खूळ. लायब्ररीतल्या ताई-ची या चिनी व्यायामाच्या क्लासला मिसेस लिन येतात, त्यांचं चिनी औषधांचं दुकान आहे. त्यांनी याची नाडी बघितली, जीभ बघितली आणि महिन्याच्या कागदी पुड्या दिल्या. आत साली, मुळं, हुकासारखे काटे असलेल्या काड्या. मला फक्त शेवंतीची फुलं ओळखता आली. दोनदा उकळायचं, गाळायचं, सकाळ-संध्याकाळ कपभर.

आधीच्या गोळ्या, प्रेशरची आणि पाणी काढायची, सोडायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलंय म्हणे. मी तीनदा विचारलं. 'नाही सोडत गं यार!' — बहात्तराव्या वर्षी यार!

६ मार्च

पहिला घोट घेतला आणि सिंककडे पळाला. कडूजहर! शुगर बॉर्डरवर, म्हणजे साखर नाही, मध नाही. मग मी चमचाभर ज्येष्ठमधाची पूड घातली. आई सगळ्या काढ्यांत घालायची. गटागटा प्यायला. म्हणाला, 'मिसेस लिननी तुला नोकरीवर ठेवलं पाहिजे.'

९ मार्च

१५६. देवा, असंच राहू दे.

१७ मार्च

१७६. पायांना सूज — मोज्याच्या वर बोट दाबलं की खळगा राहतो. जिना चढताना पोटऱ्यांत गोळे येतात. मला सांगत नव्हता, मीच बघितलं.

वैदेहीला फोन केला, ईडन प्रेरीला. 'आई, जस्ट थ्रो इट आउट! बाबा कुणाकडूनही काहीही घेतात.' लेकीचं सांगितलं तर हा म्हणतो, वेळ लागतो, धीर धर. डॉक्टरांना फोन कर म्हटलं तर अपॉइंटमेंट एप्रिलमध्ये आहेच म्हणे. एवढा हट्टी माणूस!

शेवटी मी ठरवलं. उद्यापासून पुडी अर्धीच उकळणार. रंग यावा म्हणून थोडा कोरा चहा, आणि चव कळू नये म्हणून ज्येष्ठमध दोन चमचे. नवऱ्याशी लबाडी करतेय. पण करू काय?

२१ मार्च

अर्धी पुडी करूनही १८४! म्हणजे अर्ध्यातसुद्धा एवढं विष? त्या लिनबाईंचा असा राग आलाय, समोर असत्या तर काहीतरी बोलून बसले असते.

२४ मार्च

सकाळी कुमार बाथरूमच्या दारात खाली बसला. उठताच येईना, पायांत त्राणच नाही. ॲम्ब्युलन्स. २०२ वर ११०. रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली गेलंय, त्यामुळे हृदयाचे ठोके चुकताहेत. जिवाला धोका होता, असं सरळ सांगितलं.

डॉक्टर मराठी निघाली, रुचा नाव. कुमारला तपासायला आत नेलं तेव्हा मला बाजूला घेतलं. 'मावशी, त्या हर्ब्जशिवाय काका अजून काही घेत होते? एनीथिंग ॲट ऑल?' नाही म्हटलं. माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्येष्ठमध काय औषध आहे?

पुड्यांत काय काय असतं, त्याची यादी मागून घ्या म्हणाली.

२५ मार्च

मिसेस लिनना फोन केला. भांडायच्या तयारीनं केला. त्यांनी शांतपणे एकेक नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, 'एक मूळ आम्ही जवळजवळ प्रत्येक काढ्यात घालतो, पण तुमच्या मिस्टरांच्या पुडीत नाही घातलं. त्यानं प्रेशर वाढतं, पोटॅशियम उतरतं. पाणी काढायची गोळी चालू असेल तर फारच वाईट.' कुठलं मूळ? त्यांनी फोटो पाठवला. पिवळसर काड्या.

ज्येष्ठमध! घरात त्याचीच पूड बरणी भरून आहे.

म्हणजे मीच! आधी एक चमचा, मग दोन. त्यांचं औषध कमी करत गेले आणि हे वाढवत गेले. रुचाला सांगायला फोन उचलला. ठेवून दिला.

२७ मार्च

वैदेही आली. आल्या आल्या मिसेस लिनवर घसरली. 'आय ॲम गोइंग टू रिपोर्ट हर!' मी भेंडी चिरत होते. मान वर केली नाही. लाज वाटते.

पोटॅशियम चढतंय. रुचा रोज वॉर्डात येते, पण तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. विश्वास ठेवला पोरीनं माझ्यावर.

२८ मार्च

आजही नाही सांगितलं.

३१ मार्च

कुमार घरी आला. १४८ वर ८६. काढे बंद, कुठलेच नाहीत, अशी रुचाची ताकीद आहे. बरणी कचऱ्यात घातली आणि वर कांद्याची सालं टाकली, वैदेहीला दिसू नये म्हणून.

ती तक्रारीचा फॉर्म भरायला बसली होती. कुमार म्हणाला, 'राहू दे. त्या बाईंचं काही चुकलेलं नाही.' एवढंच. भोळा आहे.

सांगायलाच हवं. पण भीती वाटते. रागावेल याची नाही. रागावला तर बरंच आहे. पंचेचाळीस वर्षांत या माणसानं मी समोर ठेवलेलं काही बघून खाल्लं नाही. पेपर वाचत वाचत जेवतो. आता घास घेण्याआधी ताटाकडे बघेल.

२ एप्रिल

वैदेही परत गेली. आता निमित्त उरलं नाही. उद्या.

४ एप्रिल

पुढच्या तपासणीची वेळ बघायला हॉस्पिटलचं पोर्टल उघडलं. त्याचा पासवर्ड त्याला कधीच आठवत नाही, मीच बघते. तिथे रुचाच्या नोंदी होत्या. पहिल्याच नोंदीत लिहिलंय — 'काढ्यात पत्नी ज्येष्ठमध घालते, असं पेशंटनं विचारल्यावर सांगितलं. हे कारण पत्नीला कळू देऊ नये, अशी पेशंटची विनंती.'

तारीख २४ मार्च. अकरा दिवस!

आतून हाक मारतोय — 'सुनेत्रा, चहा टाकतेस?'