मागच्या खोलीचं कुलूप

आई, तुझ्या मागच्या खोलीवरून आज घरात पुन्हा वाजलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, पण म्हैसूरच्या या कुवेंपुनगरातलं घर अजून तुझ्याच मर्जीनं चालतं. सून स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ऑफिसचं काम करते. तिकडे मीटिंग, इकडे कुकरच्या शिट्ट्या. आज तिनं सांगून टाकलं, "अत्ते, ती रूम रिकामी करा, नाहीतर आम्ही भाड्याचं घर बघतो. अष्टे, बस्स." मुलगा मोबाइलवर भाड्याची घरं बघायला लागला. म्हणजे त्याचंही तेच मत.

तिचं चुकत नाही, हेच तर डोक्यात जातं. घरातली सगळ्यात चांगली खोली ती. पूर्वेची खिडकी, वेगळं दार, भरपूर वारा. आणि तू ती पाळीचे तीन दिवस बाहेर बसायला राखलीस! बाकीचा महिना कुलूप, आणि आम्ही चौघं भावंडं हॉलमध्ये एकमेकांच्या लाथा खात झोपायचो. वर घरात जागा नाही म्हणून तूच कुरकुरायचीस. दहावीच्या गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी तिथेच. पुस्तक मागते, तर तू ओरडतेस, "सरस्वतीला शिवतेस? सुम्ने, गप्प बस!" मी रडायला लागले, तशी पुस्तक उघडून तू स्वतःच दारात उभी राहिलीस. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी "उलट" म्हणायचे, तू पान उलटायचीस. तासभर. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि त्याचाही राग माझ्यावरच निघाला. त्या दिवसाचं काय करू, मला अजून कळत नाही. नुसती वाईट असतीस तर सोपं होतं.

तू गेल्यावर मी ती खोली जुन्या गाद्या, पिंपं आणि दसऱ्याला मांडायच्या बाहुल्यांच्या पेट्यांनी छतापर्यंत भरली. सुनेला सांगते, भिंतीला ओल येते. ओलबिल काही नाही. उद्या सामान न्यायला टेम्पो सांगितलाय, कारण मुलगा घर सोडून गेलेला मला सोसणार नाही. पण सुनेला तिथे बसलेलं बघणं सोसेल का, तेही सांगता येत नाही. हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. परवा ती त्या खोलीच्या दारात उभी राहून फोनवर बोलत होती. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले आणि कप तिच्या हातात दिला नाही. उंबऱ्यापाशी खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरले.