रोटरवरची गुप्त खूण

३ जून
टेस्टिंगवाल्या बाईंनी तीन मोटरी परत पाठवल्या. म्हणे थरथरतात, आतला रोटर एका बाजूला जड आहे. अशक्य! बॅलन्सिंग मशीन मी स्वतः चालवतो. काल एक रोटर खाली पडला होता, पण तो माझ्याच हातून, म्हणजे सांभाळून पडला. यात काहीतरी काळंबेरं आहे.

४ जून
सुगावा लागला. माझे रोटर जातात जोडणी खात्यात. तिथे कोण? आमचा साडू! इन्चार्जच्या जागेसाठी आम्ही दोघंच आहोत. आज त्याने आपणहून माझी तब्येत विचारली. उगाच कोण विचारतं? हा नक्की माझे रोटर बदलतोय.
संकल्प : कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही.

४ जून, रात्री
हिला सगळं सांगितलं. म्हणाली, ताईच्या नवऱ्याला घरातला बल्ब बदलता येत नाही, तो रोटर काय बदलणार! बहिणीचीच बाजू घेणार.

६ जून
जबरी आयडिया! मशीनवर तोल तंतोतंत जमला की रोटर उतरवायचा आणि आतून एका बाजूला वाटाण्याएवढी लाल लांबीची, म्हणजे पुट्टीची, गोळी चिकटवायची. गुप्त खूण. बिनखुणेचा रोटर सापडला की साडू रंगेहाथ!

१० जून
मोटरींचा ढीग परत आला. नवल म्हणजे सगळ्यांवर खूण शाबूत. म्हणजे बेरक्याने खुणेचीही नक्कल केली! आता गोळा लिंबाएवढा करतो. बघू, एवढी लांबी कुठून आणतो.

११ जून
एक मोटर थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेली. बाईंचा चहा सांडला. साहेबांनी उद्या आम्हा दोघांना बोलावलंय. सापडला! ठेवणीतला शर्ट इस्त्री केला.

१२ जून
साहेबांनी रोटर पुढे ठेवला. विचारलं, तोल जमल्यावर हा गोळा कुठल्या गाढवाने थापला? मी ठेवणीतल्या शर्टाची बटणं मोजली. साडू म्हणाला, जाऊ द्या साहेब, आम्ही दोघं मिळून खरवडून काढतो.
दिवसभर खरवडत बसलो. खरवडायला बसतानाच माझ्या नखांत लाल लांबी होती. त्याने ती पाहिली. आणि आपला अर्धा चहा मला दिला. लाज वाटली. थोडी.
संध्याकाळी मोटरी न थरथरता फिरल्या. इन्चार्ज तोच झाला.
पण एवढं चांगलं वागण्यामागे त्याचा डाव काय असेल? नजर ठेवायला हवी.