मनमोकळा शुक्रवार

४ मार्च, सोमवार
ट्रेनिंगहून परतलो. आता पूर्वीचा मी राहिलेलो नाही.
आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात वरचे आणि खालचे अशा दोन दुनिया. वर ऑफिस, एसी, कॉफी मशीन. खाली भट्टी, पॅकिंग आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारे पंखे. जिना एक, पण विनाकारण कुणी चढत नाही, उतरत नाही. ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या, माणसं एकमेकांना आपली गोष्ट सांगू लागली की भिंती पडतात. एचआर मी. म्हणजे भिंत मीच पाडायची.
बायकोला सगळं समजावलं. मध्येच ती तिचं काहीतरी सांगू लागली. म्हटलं, आधी माझं ऐक, विषय ऐकण्याचाच आहे.

६ मार्च
साहेब हो म्हणाले. दर शुक्रवारी जेवणानंतर, खालच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी आपापली गोष्ट सांगायची. नाव मीच दिलं: मनमोकळा शुक्रवार. बोर्डही लावला, ‘इथे बोललेलं इथेच राहील.’ साहेब वाचून हसले. कल्पना आवडलेली दिसते.

८ मार्च, शुक्रवार
वर्तुळ केलं. अर्धं वरच्यांचं, अर्धं खालच्यांचं, मध्ये दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या. कोंडी फुटावी म्हणून माझी सायकल चोरीला गेली ती गोष्ट सांगितली. तिच्या घंटीचा आवाजही काढून दाखवला. त्यात वेळ संपला, इतरांना बोलता आलं नाही. जाताना भट्टीवाल्या दादांनी विचारलं, मिळाली का सायकल? नाही म्हटलं. बरं म्हणाले. केवढी आपुलकी!

१२ मार्च
खालचे तोंड उघडत नाहीत. दादांना म्हटलं, माझ्यावर सोडा. म्हणाले, तीच तर भीती आहे. मोकळा माणूस.
मग चेकिंगच्या मावशींना गाठलं. उजेडाच्या फळीसमोर बसून त्या प्रत्येक बाटलीला तडा आहे का ते बघतात. खालचे सगळे त्यांना मानतात. त्या बोलल्या की बाकीचे बोलतील. मावशींनी विचारलं, त्रास तर नाही ना होणार? छातीवर हात ठेवून म्हटलं, मावशी, मी आहे ना.

१५ मार्च, शुक्रवार
मावशी बोलल्या!
म्हणाल्या, डाव्या डोळ्यात धुकं उतरलंय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, पण घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं कोण बघणार? तडा दिसला की शेजारी बसणारी चिमणी नावाची पोरगी हळूच कोपर मारते आणि मावशी बाटली बाजूला काढतात. माझा डावा डोळा या पोरीच्या कोपरात आहे, म्हणाल्या. सगळे हसले. अकाउंट्सच्या बाई, ज्या खाली येताना नाकाला रुमाल लावतात, त्या उठून मावशींजवळ जाऊन बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. साहेबांनी डोळे पुसले. मी स्वतः पाहिलं.
पडली भिंत!

१८ मार्च, सोमवार
साहेबांनी बोलावलं. फार हेलावलेत. औषधाच्या बाटल्या आहेत, एखादा तडा निसटला तर काय, या विचाराने झोप नाही म्हणाले. म्हणून मावशींना उद्यापासून घरी बसवायचं आणि चिमणीला कडक समज द्यायची. मावशींना दुसरं एखादं काम, असं मी सुचवू पाहिलं. बोर्डाचीही आठवण करून दिली. साहेब म्हणाले, बोर्ड छानच आहे. आणि हे मीच सांगायचं, कारण माझं त्यांच्याशी नातं जुळलंय.
मी ठामपणे म्हणालो, बरं.

१९ मार्च
मावशींना सांगितलं. हवं तर रजा समजा, असंही म्हटलं. बिनपगारी हा शब्द शेवटी घातला. त्या रडल्या नाहीत. एप्रनची घडी घालून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना. म्हटलं, आहेच की. त्या पिशवी उचलून निघाल्या.
गेटपर्यंत चिमणी गेली. मीही निघालो होतो, पण फोन आला. म्हणजे आला नव्हता. कानाला लावला.

२० मार्च
अकाउंट्सच्या बाई साहेबांशी भांडून आल्या. उपयोग शून्य. मला विचारलं, तुम्ही काय करताय? म्हटलं, परिस्थितीचा अभ्यास.
संकल्प: साहेबांशी स्पष्ट बोलायचं. योग्य वेळ बघून.

२२ मार्च, शुक्रवार
सगळे आले. कुणाला काही सांगायचंय? दादा म्हणाले, आमचं सगळं छान आहे. चिमणीचंही छान आहे. वरच्यांचंही छान. अकाउंट्सचा क्लार्क, जो कंबरदुखीने आठवडाभर वाकून चालतोय, तोसुद्धा ताठ बसून म्हणाला, छान आहे. वर-खाली प्रथमच एकमत.
साहेबांना भेटायला गेलो होतो. मीटिंगमध्ये होते. बरं वाटलं.

२५ मार्च, सोमवार
डबा घेऊन खाली गेलो. लांबून हसण्याचा आवाज येत होता. मी पोचलो आणि तो थांबला. बाकावर जागा करून दिली, दोन्ही बाजूंना ऐसपैस. विचारलं, मावशी कशा आहेत? चांगल्या आहेत, म्हणाले. कोणीतरी मीठ पुढे सरकवलं. मग सगळे हवेबद्दल बोलू लागले. हवा चांगली आहे म्हणे. मीही म्हटलं, चांगली आहे.
डबा संपेपर्यंत हवा चांगलीच राहिली.