थिंबलेखालचा हिरवा रंग

प्रिय जगदीश,

सुरतेत हे पत्र हातात पडलं की अक्षर ओळखून तू ते फेकशील. फेकू नकोस. पाकिटात जडसं काही आहे, ते आधी नीट काढून ठेव. त्याचं शेवटी सांगतो.

भूपेंद्रशेठची जीप, जी तू सहा वर्षं अक्कलकुवा-मोलगी चालवलीस, ती अजून माझ्याच दुकानात येते. नव्या ड्रायव्हरची तक्रारही तुझीच: व्होल्टचा काटा नाचतो. चालू इंजिनावर चौदाच्या आसपास थांबायचा तो मध्येच बारावर येतो, मग पंधराकडे उडी मारतो. होळीच्या आधी तूही आला होतास, "उस्ताद, काटा नाची ऱ्हायना, जरा देखा ना." मी म्हटलं, "काटा नाचस तं तू बी नाच." दुकानासमोरच्या स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर हसले. तूही हसलास, पण बळेच.

मी नववी नापास. मला मीटर धरायला कुणी शिकवलं नाही. भंगारातल्या गाड्या उघडून शिकलो. म्हणून माझं काम दुसऱ्यानं तपासलेलं मला सोसत नाही. त्या जीपचं इंजिन बसवताना वायरिंग मीच केलं होतं. एकही वायर लोंबती नाही, प्रत्येक बोल्टाखालची जागा घासून हिरव्या रंगानं चकचकीत केलेली. तसा रंग आपल्याकडे दुसरं कुणी लावत नाही. तिथे चूक असेल हे माझ्या मनातच आलं नाही.

मग देवगोईच्या घाटात तू गाडी उभी केलीस आणि ती पुन्हा चालूच होईना. आत अडलेली बाई होती. भर दुपारी तिला झोळीत घालून लोकांनी खाली नेलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण शेठनं मला कारण विचारलं तेव्हा गाडीला हातही न लावता मी म्हणालो, "दिवसभर गाणी लावून बॅटरी बसवली पोरानं." उस्तादचा शब्द. तुझं काम त्याच संध्याकाळी गेलं.

या महिन्यात मी त्या जीपची बॅटरी बदलली, अल्टरनेटर खोलला, डॅशबोर्डावरचा काटाही नवा बसवला. काटा नाचतच होता. सगळं बदललं, फक्त स्वतःचं काम सोडून. शेवटी इंजिन चालू ठेवून, दिवे लावून हातातल्या मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनला लावली. तिथे जवळपास शून्य यायला हवं. सव्वा व्होल्ट आला. म्हणजे करंटची परतीची वाट अडली होती. इंजिन आणि चासी जोडणाऱ्या जाड अर्थ वायरीच्या टोकाला पितळी कडी असते, आपण थिंबल म्हणतो, तिला बोट लावलं तर चटका बसला. बोल्ट सोडला. थिंबलेखाली माझाच हिरवा रंग, गुळगुळीत. रंगातून अर्थ कसा मिळणार? जागा शोभावी म्हणून मीच ती बंद केली होती. घाटात गाडी चालू झाली नाही ती याचमुळे. पत्रा घासून उघडा केला, थिंबल नवी लावली. काटा चौदावर गेला आणि थांबला.

दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. जुनी थिंबल मी खिशात टाकली आणि आठ दिवस गप्प बसलो.

काल बाजाराच्या दिवशी तुझी आई, रेवाबाई, दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. पदराच्या गाठीतून चारोळी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "पोरगानी चूक व्हयनी भाऊ, तू मनमा राग धरू नको." तिनं माझी माफी मागितली, जगदीश. ती गेल्यावर मी शेठकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ द्या उस्ताद, पोरगं सुरतेला गेलं, आता स्वतःचं नाव कशाला खराब करता. म्हणून ती थिंबल तुझ्याकडे पाठवतोय. एका बाजूला रंग अजून चिकटलेला आहे. होळीला घरी येशील तेव्हा ती घेऊन ये. ज्या स्टँडवर ड्रायव्हर हसले होते तिथेच, तुझ्या आईसमोर, ती माझ्या हातावर ठेव. बोलणार मी. चारोळी तशीच ठेवली आहे, खाल्ली नाही.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
मोतीलाल