बर्फाचा रकाना

१२ जानेवारी, सोमवार. अमरावती

सहा अंश गायब.

प्रबंधात एक जास्तीचा आलेख हवा म्हणून जस्त मिसळलेली गोळी आज पुन्हा तापवली. नुसता सोपस्कार. ही गोळी एका ठरावीक तापमानाला न वितळता आतली मांडणी बदलते, आलेखात तिथे खड्डा पडतो. बिनजस्ताच्या गोळीपेक्षा जस्तवालीचा खड्डा सहा अंश पुढे. आमचा छापून आलेला निबंध म्हणजे एवढंच. माझं चौथं प्रकरणही एवढंच. आज दोन्ही खड्डे एकाच जागी. भट्टी बिघडली असेल. उद्या पुन्हा.

१५ जाने., गुरुवार

चारदा केलं. नवी गोळी, नवी तार. तेच.

नौशाद शेजारच्या टेबलावर बसतो, तोही माझ्या मार्गदर्शक सरांचाच विद्यार्थी. म्हणाला, "भट्टीले नको शिव्या देऊ. मे महिन्यात वेगळं काय होतं ते पाय." वेगळं काय, ऊन. बाकी सगळं तसंच.

१६ जाने.

सापडलं. लिहायला हात धजत नाही.

तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारेचं एक टोक गोळीला, दुसरं बर्फात. बर्फ म्हणजे शून्य, तिथून सगळं मोजायचं. बिनजस्ताची गोळी मोजली थंडीत, फ्रीजमधल्या बर्फावर. मेमध्ये लाइट सारखी जायची, फ्रीजमध्ये नुसतं पाणी. मग मी फाटकावरच्या कुल्फीवाल्या मामांकडून डबाभर बर्फ आणायचे. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही केलं होतं.

थंडीत मामा उकडलेल्या शेंगा विकतात. आज जाऊन विचारलं, बर्फ कुठला द्यायचे?

"कुल्फीच्या मटक्याभोवतीचाच देत होतो ना ताई. मिठाचा. मीठ नसलं त कुल्फी जमन कशी?"

मिठाचा बर्फ शून्याच्या खाली जातो. हे शाळेत शिकवतात. तसाच कालवून थर्मामीटर बुडवला. उणे सहा.

१७ जाने.

मेची वही काढली. बर्फाच्या तापमानाचा वेगळा रकाना आहे. सरांचा नियम: दर वेळी थर्मामीटर बुडवायचा, वाचायचा, मगच लिहायचं. एकतीस नोंदी. एकतीसही ठिकाणी ०.०, माझ्या सुरेख अक्षरात. एकदाही थर्मामीटर बुडवला नव्हता. बर्फ आहे तर शून्यच असणार ना.

प्रत्येक पानाखाली सरांची सही. तेव्हा त्यांची केमो चालू होती. अकोल्याहून फोनवर आकडा ऐकून म्हणाले होते, "तीस वर्सांत पयल्यांदा काई नवीन निंगालं वं आपल्या लॅबमधून."

मी खूप रडले.

२० जाने., मंगळवार

नौशाद: "सरायले नको सांगू. डॉक्टरनं महिनाच सांगितला. त्यायले सुखानं जाऊ दे. मंग कळव छापणाऱ्यायले."

शहाणपणाचंच बोलला. मलाही तेच हवं होतं, म्हणून त्याचा राग आला. फेब्रुवारीअखेर प्रबंध द्यायचा आहे. चौथं प्रकरण काढलं तर उरतं काय? प्रस्तावना आणि आभार.

२५ जाने., रविवार. अकोला

जठारपेठेत, सरांकडे. एस.टी. मूर्तिजापूरला बराच वेळ उभी होती, तेवढ्यात दोनदा परत फिरायचं ठरवलं.

सर उशीला टेकून. फार वाळलेत. काकूंनी चहा दिला आणि आत गेल्या.

"काहून वं, तोंड काहून उतरलं तुहं?"

सांगितलं. सगळं, मिठासकट. सर बंद पंख्याकडे पाहत राहिले. मग, "एकतीसही डाव न पायता लिवलं?"

"हो सर."

"आन म्या न पायता सही केली."

मग म्हणाले, "छापणाऱ्यायले पत्र लिही. निबंध मागे घेतो म्हणा. दोघायची सही पायजे. लवकर घेऊन ये." डोळे मिटले.

निघताना पाया पडायला वाकले तर पाय आखडून घेतले. दुखत असतील. किंवा

माहीत नाही.

२७ जाने., मंगळवार

पत्र तयार. अकरा ओळी. वर तारीख, खाली माझी सही. नौशादने वाचलं, माझ्यासाठी चहा सांगितला.

२९ जाने.

जायचं होतं. लॅबमध्ये पाहुणे होते. (खोटं. पाहुणे बाराला गेले.) पत्रातली तिसरी ओळ बदलली, मग होती तशी केली. ते आखडलेले पाय डोळ्यांपुढून हलत नाहीत. रविवारी नक्की.

१ फेब्रु., रविवार

बसस्टँडवर गेले. अकोल्याची गाडी लागलेली होती, जागाही होती. बसले नाही. पुढच्या रविवारी.

२ फेब्रु.

सर गेले. पहाटे.

५ फेब्रु.

विभागात शोकसभा. विभागप्रमुखांनी आमचा निबंध हातात धरून दाखवला. आजारातही नवं शोधत राहिले, असं म्हणाले. मी पहिल्या रांगेत. तोंड उघडलं नाही.

१४ फेब्रु., शनिवार. अकोला

तेरवी. जेवणं उरकल्यावर काकू शेजारी येऊन बसल्या.

"त्या रविवारी काय सांगितलं वं तू त्यायले? तू गेल्यावर रडले. म्या एवढ्या वर्सांत पायलं नव्हतं."

म्हटलं, आकडे चुकले होते काकू. माझ्या हातून.

"असन. पण तुह्यावर राग नव्हता त्यायचा. शुक्रवारी चष्मा पुसून मागतला, पेन उशाशी ठेवाले लावला. शनिवारी दोनदा विचारलं, पोरगी आली का पत्र घेऊन? म्या म्हटलं, लिवून झालं नसन तिचं, झालं का येईन." मग माझा हात धरला. "नव्हतंच ना झालं?"

नव्हतं, म्हटलं.

पत्र पिशवीतच होतं. आता एकटीच्या सहीनं पाठवायचं तर वर २७ जानेवारी राहू द्यायची की आजची तारीख टाकायची, हे ठरलेलं नाही.