किंकाळी आधी, शार्दूल नंतर

नांदेड,
७ जानेवारी २०२४

चि. सुगत यास,
अक्काचा जयभीम व अ.उ.आ.

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडून परत चिकटवलेलं, वर कारागृहाचा शिक्का. आपली पत्रं तिथले साहेब वाचतात, हे आता अंगवळणी पडलं आहे. त्यांना नमस्कार सांग आणि माझ्या अक्षराला नावं ठेवू नका म्हणावं. फोनवर आठवड्याला पाच मिनिटं मिळतात, त्यातली चार आई रडण्यात घालवते. म्हणून तुझी शिकवणी पत्रानेच करावी लागणार.

कंधारला वायरिंगची कामं करायचास तेव्हा पुस्तक उघड म्हटलं की तुला झोप यायची. आता खुनाच्या आरोपाखाली लातूरच्या जेलात बसून बी.ए.चा फॉर्म भरलास! उशिरा सुचलेलं शहाणपण, पण आहे ते बरं आहे. कॉलेजात लोक कुजबुजतात, भावाने हिचा नवरा मारला आणि ही त्याला नोट्स पाठवते. कुजबुजू देत. आनंदराज जाऊन सात महिने झाले, तरी लोकांना माझ्याशी काय बोलावं ते कळत नाही. इथे बदली मिळाली हेच नशीब.

तुम्हाला नेमलेलं 'कंकणाचा कौल' मी अकरा वर्षं शिकवते आहे. सेनापती दुर्जय बायकोला, हेमकलेला, छळतो. (नावच दुर्जय, नाटककाराने प्रेक्षकांना विचार करायची तसदी ठेवलेली नाही.) दुसऱ्या अंकात तो भर दरबारात तिचा हात तलवारीच्या मुठीने ठेचतो. चौथ्या अंकात त्याचाच खंजीर त्याच्या गळ्यात जातो. रक्ताने भिजलेला भाऊ शार्दूल राजापुढे उभा राहून सांगतो, मी मारला. पाचव्यात त्याला सुळावर चढवतात. प्रश्न ठरलेला: शार्दूलचे स्वभावचित्र रेखाटा. दोन पानं लिहून पाठव. अलंकारिक भाषा नको.

आईचे गुडघे धरले आहेत. बुद्धप्रिया पहिलीत आहे, तिचे पुढचे दोन दात पडले. मामा कधी येणार, हे रोज विचारते. थंडीत कान बांधून झोपत जा, आणि अक्कावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
लुंबिनी


लातूर,
२ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
सुगतचा सविनय जयभीम वि.वि.

नाटक दोनदा वाचलं. दुर्जयचा खून झाला तेव्हा आमच्या बराकीत टाळ्या पडल्या, कारण मी मोठ्याने वाचत होतो. निलंग्याकडचा शिवलिंग म्हणून एकजण आहे, त्याने तर शिट्टी मारली. शंकरप्पा म्हाताऱ्याने मध्येच तोंड घातलं की कसाही असला तरी नवरा तो नवरा. शिवलिंगाने हातातली जर्मनची थाळी उभी धरून त्याच्या कपाळावर हाणली. भुवईपासून कानापर्यंत फाटलं. मी मध्ये पडलो तर दुसरा फटका मला, खालचा एक दात गेला. शिपाई धावत आले, म्हाताऱ्याला नऊ टाके पडले. साहित्याचा इतका परिणाम होतो हे तू कधी शिकवलं नव्हतंस.

उत्तर सोबत आहे. थोडक्यात असं: शार्दूल थोर आहे. बहिणीची हाडं मोडली जातात आणि सगळा दरबार पानं खात बसतो, तेव्हा हा एकटा उठतो. मारतो आणि कबूल करतो, पळत नाही. गाईडात त्याला 'आदर्श बंधू' म्हटलं आहे, मीही तेच लिहिलं. हेमकलेबद्दल फार लिहायला सापडलं नाही. पाचव्या अंकात ती एक शब्द बोलत नाही.

वकील नागप्पा साहेब उदगीरहून आले होते. सरकारी साक्षी संपत आल्या. अठरा एप्रिलला न्यायाधीश मला विचारतील, तुला काय सांगायचं आहे. मला काय सांगायचं ते ठरलेलं आहे. पोलिसांना सांगितलं तेच. साहेब म्हणतात, कंधारहून राग धरून आला आणि मारला असं दिसतंय, जन्मठेप टळणं अवघड. मी म्हटलं, हाव, दिसू द्या.

बुद्धप्रियाला शाळेत पोचवायला तू स्वतः जात जा. दात पडल्यावर कशी दिसते ते लिही. तुझ्या दोन ओळींवर इथे आठवडा निघतो, हात आखडता घेऊ नको.

तुझा
सुगत


नांदेड,
२५ फेब्रुवारी २०२४

चि. सुगत यास,
जयभीम व अ.उ.आ.

दाताचं वाचून आई दिवसभर जेवली नाही. मी मात्र आधी तुझं उत्तर तपासलं, मास्तरणीची जात! दहापैकी सात. शुद्धलेखनाचे दोन कापले, एक का कापला ते पुढे सांगते.

माझ्या वर्गात वर्षाराणी म्हणून मुलगी आहे. माहूरच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याची. बोलणं तोडून, नजर खाली. चाचणीत तिने लिहिलं की शार्दूलने खून केलेला नाही. मी लाल पेनाने 'विषय सोडून' असं लिहून दहापैकी एक गुण दिला. ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, म्याडम, पुस्तकातच हाय की. चौथ्या अंकात कंसात लिहिलंय, पडद्यात किंकाळी, आणि त्याच्या खाली लिहिलंय, शार्दूल महाद्वारातून येतो. किंकाळी आधी हाय, शार्दूल नंतर. आत दोघंच होती. मग मारलं कुणी?

सुगत, मी तिला सगळ्यांसमोर इतकी झापली की ती रडत गेली. चार शहाण्यांनी शंभर वर्षं वाचलं ते काय आंधळे होते, असं म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. बाजूच्या मॅडमनी पाणी दिलं.

मग घरी येऊन पुस्तक उघडलं. ती म्हणते तसंच आहे. आत जाताना खंजीर दुर्जयच्या कमरेला, किंकाळी पुरुषाची, आणि शार्दूल नंतर. तो आत जातो, बाहेर येतो तेव्हा रक्ताने भरलेला असतो, आणि सगळे त्याचंच ऐकतात. हेमकलेला कुणी विचारतच नाही. राजा नाही, गाईडवाला नाही, अकरा वर्षं शिकवणारी मीही नाही. तिच्याबद्दल मी 'सोशिक' एवढा एक शब्द फळ्यावर लिहून पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी वर्गात वर्षाराणीची माफी मागितली आणि दहापैकी नऊ केले. तूही उत्तर परत लिही. हेमकला का बोलत नाही, तेवढंच लिही. रागावलास तरी चालेल, पण गप्प बसू नको, तेवढी ओढ राहू दे.

तुझी
लुंबिनी


लातूर,
१५ मार्च २०२४

ती. अक्कास,
स.ज.वि.वि.

नाटक नाटकाच्या जागी ठेव. मला परीक्षा पास व्हायची आहे आणि गुण गाईडातल्या उत्तरालाच मिळतात. शार्दूलने मारला. तो स्वतः म्हणतो ना? मग विषय संपला. त्या पोरीला सांग, कंसातलं वाचत बसू नये. आणि पत्रं कोण कोण वाचतं ते तुला ठाऊक आहे.

तरी तू हेमकलेबद्दल विचारलंस म्हणून लिहितो, पण शार्दूलबद्दलच लिहितो. तिसऱ्या अंकात ती मोडका हात घेऊन माहेरी येते आणि शार्दूल तिला समजावून परत सासरी घालवतो, ते पान तू कधी शिकवतेस का? गाईडात ते नाही. मला मात्र तेच पान पाठ झालं.

चार वर्षांपूर्वी तू गळपट्टीचं हाड मोडून कंधारला आलीस. तुझ्या मानेवर पाच बोटं काळीनिळी उमटलेली होती. आपण रीतीप्रमाणे विहारात बैठक घेतली. समाजाची चार माणसं जमली, आनंदराज भाऊजींनी हात जोडले, लेखी दिलं. शिकलेला, सरकारी नोकरीतला माणूस, सुधरंल, असं सगळे म्हणाले. तू मान हलवून नको म्हणत होतीस. तुझी पिशवी मी उचलली. बसमध्ये मी तुला खिडकीची जागा दिली आणि लातूरला त्याच्या दारात सोडून, चहा पिऊन आलो. चहा त्याने केला होता.

तेव्हा जे सुळावर जायला पाहिजे होतं ते आत्ता जातंय. हिशेब बरोबर आहे. एवढ्याशा पोरीला आई पाहिजे, मामावाचून तिचं अडत नाही. अठरा एप्रिलला तू कोर्टात येऊ नको. पायाला हात लावून सांगतो, अक्का, मोठी आहेस, धाकट्याचं एवढं ऐक.

तुझा
सुगत


नांदेड,
२ एप्रिल २०२४

चि. सुगत यास,
जयभीम व अ.उ.आ.

तुझं नाही ऐकणार. हे पत्र वाचणाऱ्या साहेबांनाही माझी विनंती आहे, त्यांनी नीट वाचावं. आता नाटकातलं काही नाही.

गेल्या वर्षी तेरा जूनला दुपारी तीनच्या सुमाराला आनंदराज घरी आला. बुद्धप्रिया शेजारी शिवम्माकडे होती. वरणात मीठ कमी होतं. त्याने ताट माझ्या तोंडावर मारलं, मग डावा हात पाठीमागे पिरगाळला, मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ओट्यावर पाठीने दाबून त्याने दोन्ही हातांनी गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. उजव्या हाताला वरवंटा लागला. मी तो त्याच्या कानशिलावर घातला. तो ओरडला आणि पडला.

इथपर्यंत जीव वाचवणं होतं. पण तो पालथा पडला, फरशीवर हात टेकून उठायला लागला, आणि मी परत मारलं. मग अजून एकदा. कवटी आत गेली तेव्हा थांबले. तिसऱ्या वाराला त्याच्यापासून मला काही धोका नव्हता, सुगत. मला तो मरायला पाहिजे होता. नऊ वर्षं पाहिजे होता.

त्यानंतर तू आलास. वायरची बंडलं घ्यायला लातूरला आला होतास, चहा प्यायला डोकावलास. बंडलं दारात टाकलीस, माझ्या हातातला वरवंटा काढून घेतलास, त्याचं रक्त आपल्या शर्टाला पुसलंस. मला म्हणालास, तू न्हानीत जा, तोंड धू, तुला काही ठाऊक न्हाई. मी न्हानीत गेले. मनगट जिन्यावरून पडून मोडलं, असं सांगितलं. त्याबद्दल मला माझी लाज वाटते, मारल्याबद्दल नाही वाटत. साडेनऊ महिने मी ते लपवलं, आणि वर तुला स्वभावचित्र शिकवत बसले.

नागप्पा साहेबांना भेटले. दवाखान्याचे जुने कागद, एक्सरे, बैठकीतलं त्याचं लेखी, सगळं दिलं. ते म्हणाले, पहिल्या वाराला कायदा तुमच्या बाजूने आहे, पुढच्या दोनांचं काय होईल ते सांगता येणार नाही. तेवढे दोन नाही सांगितले तर, असं त्यांनीच सुचवलं. मी म्हटलं, तिन्ही सांगणार. अठराला अर्ज देणार आहोत, मला तिथूनच ताब्यात घेतील.

तू मला त्याच्या दारात सोडलंस, ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. पण त्याची फेड अशी नसते. तेव्हा माझं नको तू ऐकलं नाहीस, आता मी केलेलं तरी माझ्या नावावर राहू दे. बुद्धप्रियाला आई पाहिजे हे खरं. ती आई कशी आहे हेही तिला कळायला पाहिजे.

आईला आज सांगितलं. ती म्हणाली, तिसरा मी मारला असता. तिला सांभाळ. तुझ्यावर राग आहे आणि जीवही तुझ्यावरच आहे, दोन्ही ठेवून घे.

तुझी
लुंबिनी


नांदेड,
३० जून २०२४

ती. अक्कास, महिला बराक, लातूर कारागृह,
सुगतचा स.ज.वि.वि.

आता पत्रं तुझ्या बाजूला फोडली जाणार, माझ्या नाही. जामिनावर सुटून मला बारा दिवस झाले. खोटी माहिती दिल्याचा खटला माझ्यावर चालेल, नागप्पा साहेब बघतील म्हणाले. न्यायाधीशांनी मला विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही. सांगितलं, मी आत गेलो तेव्हा भाऊजी पडलेले होते. एवढं बोलायला सुळावर जाण्यापेक्षा जास्त बळ लागलं.

पेपर मे महिन्यात जेलातूनच दिला. शार्दूलचंच स्वभावचित्र आलं होतं. लिहिलं की तो बहिणीला परत घालवतो आणि किंकाळीनंतर पोचतो; बाकी सगळं त्याच्या पुढचं आहे. गाईडातलं एक अक्षर नाही. नापास झालो तर तुझ्या नावाने खडे फोडीन.

आई खाते-पिते. नुसती भांडते, म्हणजे बरी आहे. बुद्धप्रियाला शाळेत मी पोचवतो. वर्गातल्या कुणीतरी तिला काहीबाही सांगितलं असावं. काल वेणी घालताना (मला घालता येत नाही, एक वर एक खाली झाली) तिने विचारलं, आईने पप्पांना मारलं का. तू सांगून ठेवलं होतंस की लपवायचं नाही. मी हो म्हणालो. पप्पा आईला मारायचे म्हणून का, असं विचारलं. त्यालाही हो म्हणालो. तिने रबर माझ्या हातात दिलं आणि विचारलं, मग मामा, तवा तू कुठं होतास?

मी म्हटलं, कंधारला.

तिने दुसरं रबरही दिलं. मग म्हणाली, कंधारहून लातूरला बस न्हवती का?

दिवसाला अकरा आहेत, अक्का. मी तिला खरा आकडा सांगितला. येत्या शनिवारी तिला घेऊन भेटायला येतो. आलो की तू तोंड फिरवू नकोस, एवढं या भावासाठी कर.

तुझा
सुगत